गाडीला हळद

मखमलाबादच्या मोतीतात्यांना कुणी विचारलं, "तात्या, बाई कधी येणार पुण्याहून?" तर ते आधी पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत आणि मग म्हणत, "गाडी तापते ना." विचारणाऱ्याला वाटे, तात्यांना ऐकू कमी येऊ लागलं. पण प्रश्न त्यांना नीट ऐकू आलेला असे, आणि त्यांच्या मते उत्तरही तेच होतं.

तात्यांच्या बायकोला, नवसाबाईंना, पुण्याला जाऊन तीन वर्षं होत आली होती. मुलगा हर्षल आणि सून निकिता, दोघंही नोकरीवाले, पुण्याजवळच्या मोशीला राहतात. त्यांना मुलगी झाली, साई. निकिताची रजा संपली तेव्हा नवसाबाई गेल्या, त्या सहा महिन्यांसाठी म्हणून. मग साईचे दात आले, मग साई चालू लागली, मग पाळणाघरात ठेवली तर चार दिवसांत आजारी पडली, आणि आजीचा मुक्काम वाढत गेला. यात कुणाचं काही चुकलं असं तात्यांना कधी वाटलं नाही. लेकराला माणूस लागतंच. एवढंच, की सकाळी गाडीत त्यांच्या शेजारी कुणी नसे.

गाडी वीस वर्षांपूर्वी त्यांनी गंगापूर रोडच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. रंग पांढरा, आता दुधावरच्या सायीसारखा झालेला. मागची सीट काढून तिथं त्यांनी फुलांचे क्रेट ठेवायची सोय केली. दीड एकरात शेवंती, झेंडू आणि बांधाला थोडा गुलाब. दिवस उगवायच्या आत तोडलेली फुलं घेऊन दोघं पंचवटीतल्या फूलबाजारात निघत. तात्या गाडी चालवत आणि नवसाबाई, मांडीवर गुलाबाची पाटी घेऊन, बोलत.

घरात त्या फारशा बोलत नसत. घरात सासू होती, मग दीर-जाऊ होते, मग हर्षलचा अभ्यास होता. आणि पुढं घरात दोघंच उरले तेव्हा न बोलण्याची सवय पडून गेली होती. पण गाडीचं दार लावलं की बाईंचं तोंड सुटे. कुठल्या वाफ्यावर मावा पडलाय, व्यापाऱ्यानं काल कसा टोमणा मारला, कळवणच्या बहिणीच्या घरी काय शिजतंय, चुलतसुनेचं माहेर किती गोड बोलतं. मखमलाबाद ते बाजार, वीस मिनिटांचा रस्ता. तात्या "हं" म्हणत आणि गिअर बदलत. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. त्यातलं निम्मं बोलणं याच वीस मिनिटांतलं.

आता गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता, आणि हल्ली तोही बरा नव्हता.

बस होती, नाही असं नाही. पण नवसाबाईंना बस लागते. नाशिकरोड ओलांडेपर्यंत त्यांचं पोट ढवळून निघतं. हर्षलची मोठी गाडी होती; दिवाळीला तो आईला घेऊन यायचा आणि भाऊबीज झाली की घेऊन जायचा. तात्यांनी मनाशी हिशेब केला होता. हर्षलच्या गाडीतून आलेली बाई हर्षलच्या गाडीतूनच परत जाते. आपल्या गाडीतून आणली तर गाडी इथंच राहणार, मग बाईही राहील. हा हिशेब त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. नवसाबाईंना तर नाहीच. जाताना त्या एकदा म्हणाल्या होत्या, "तुम्ही न्यायला या आपली गाडी घेऊन, मग येते." बस, तेवढंच बोलणं झालेलं. तात्यांनी ते धरून ठेवलं होतं.

आणि गाडी मोहदरीचा घाट चढेना.

पहिल्यांदा गेले ते गेल्या वर्षी माघात. पळसेपर्यंत तापमानाचा काटा मधोमध. घाट लागला आणि काटा वर सरकू लागला, अर्ध्यात लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ. तासभर बाजूला थांबून, पाणी भरून, तात्या मागं फिरले. दुसऱ्यांदा दसऱ्यानंतर गेले, पुन्हा तिथंच. दोन्ही वेळा घाटातून फोन केला, "गाडी तापली."

"हळद टाकली नव्हती का?" नवसाबाईंनी विचारलं.

"टाकली होती."

"मग कमी पडली असंल. जरा जास्त टाका."

या हळदीचं असं झालं होतं. आठ वर्षांपूर्वी कळवणहून, नवसाबाईंच्या माहेराहून परतताना, वणीच्या अलीकडे रेडिएटर गळू लागला. रस्त्यावर पाण्याची धार. एक ट्रकवाला थांबला आणि म्हणाला, जवळ हळद असेल तर टाका, बारीक भोक बुजतं. नवसाबाईंच्या पिशवीत बहिणीनं दिलेली घरच्या दळणाची हळद होती. त्यांनी दोन मुठी सोडल्या. धार थांबली. नाशिकपर्यंत गाडी आली, एक थेंब सांडला नाही.

त्या दिवसापासून गाडीची हळद हे नवसाबाईंचं खातं झालं. समोरच्या कप्प्यात स्टीलची एक छोटी डबी असे, आत चमचा. लांब जायचं असेल तर बॉनेट उघडायचं, आधी झाकणाला कुंकवाचं बोट, मग आत चमचाभर हळद. तात्यांनी पुढं गळका भाग नीट डागून घेतला, तरी हळद बंद झाली नाही. लेकराला काजळ लावतात तशी ती गाडीला लागत राहिली.

बाई पुण्याला गेल्यावर ते काम तात्यांकडे आलं. रोज संध्याकाळी फोन येई आणि त्यात तीन प्रश्न असत. जेवलात का. शेवंतीला पाणी दिलं का. गाडीत हळद टाकली का. तात्या तिन्हींना "हो" म्हणत. तिसरं उत्तर खोटं ठरू नये म्हणून फोन झाला की उठत आणि खरोखरच टाकून येत. कधी दोन चमचे.

या फाल्गुनात मात्र गाडी बाजाराच्या रस्त्यावरही तापू लागली. दर दोन दिवसांनी तांब्याभर पाणी कमी होई, आणि खाली जमिनीवर थेंब नाही. तात्यांनी शेडखाली रात्रभर पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. मोठ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात दाखवली तर तिथल्या माणसानं बॉनेट न उघडताच सांगितलं, "काका, पाणी इंजिन पितंय. इंजिन खोलावं लागेल. त्यापेक्षा भंगारात द्या." तात्यांनी गाडी घरी आणून शेडखाली लावली. त्या दिवशी त्यांनी फुलं रिक्षातून नेली.

शेवटी ते पेठ नाक्याकडच्या लहानूकडे गेले. लहानू जुना रेडिएटरवाला. हल्लीचे रेडिएटर कुणी दुरुस्त करत नाही, काढून नवे टाकतात. त्यामुळे त्याच्याकडे गर्दी नसे. साठीचा माणूस, भुवया पांढऱ्या, तोंड तिखट. गाडी बघून तो हसला.

"तात्या, अजून जिवंत हाय का ही?"

"तापते."

"या वयात मीबी तापतो. कवा तापते ते सांगा."

तात्यांनी सांगितलं. सपाटीला कमी, चढाला जास्त. पाणी जातं, पण कुठं जातं ते दिसत नाही. गॅरेजवाला काय म्हणाला तेही सांगितलं.

"इंजिन पितंय म्हने," लहानू म्हणाला. "इंजिन काय बेवडं हाय?"

त्यानं गाडी आधी थंड होऊ दिली. घाई केली नाही. मग तेलाची पट्टी ओढून कापडावर टेकवली. तेल काळं होतं, पण स्वच्छ. "पाणी आत शिरलं असतं तर हे दुधासारखं दिसलं असतं. नाय दिसत. इंजिन शाबूत." मग गाडी चालू करून मागं गेला, धुराकडे पाहिलं, हात धरून वास घेतला. "पांढरा धूर नाय. भंगारवाल्याला सांगा, एवढ्यात येऊ नको."

तात्यांनी टपावरची धूळ हातानं पुसली.

पंखा वेळेवर फिरत होता. मग लहानूनं पाण्याची वाट उघडणारी झडप काढली आणि तिच्यासाठीच ठेवलेल्या काळ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं. तेवढ्यात त्याची बायको लताबाई जेवणाचा डबा घेऊन आली. दुपारचा एक वाजला होता.

"शिजली का झडप?" ती म्हणाली. "मीठ घालू?"

"तोंड उघडलं बघ तिनं. चांगली हाय."

"तुमच्यापेक्षा बरी. सांगितलं की उघडते तरी."

लहानूनं झडप परत बसवली, हात धुतले, बाकावर बसला. लताबाई शेजारी बसली. एका डब्यातून दोघं जेवू लागली. भाकरी मोडता मोडता ती कुणा भाच्याच्या सोयरिकीची हकीकत सांगत होती, आणि लहानू मध्ये मध्ये "हं" म्हणत होता. तात्या गाडीला टेकून उभे होते. त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. रस्त्यावरून भाजीचे टेम्पो जात होते, ते मोजत राहिले.

"तात्या, या की दोन घास," लताबाई म्हणाली. "वहिनी अजून पुण्यालाच?"

"गाडी तापते ना," तात्या म्हणाले.

लताबाईनं लहानूकडे पाहिलं. लहानूनं घास तसाच हातात धरला. मग तो पटकन जेवला, नेहमीपेक्षा लवकर, आणि उठला.

गाडी पुन्हा चालू करून त्यानं ती चांगली तापू दिली आणि मग रेडिएटरच्या जाळीवर हळूहळू तळवा फिरवला, आजारी जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा. वरचा भाग भाजत होता. मधला कोमट. खालचा डावा कोपरा गार.

"निम्मं जाळं मेलंय. पाणी फिरतच नाय आतून. मग घाटात उकळतं, जादा पाण्याच्या बाटलीतून उतू जातं." गाडी निवल्यावर त्यानं खालचा बूच सोडला. खाली ठेवलेल्या पत्र्याच्या पाटीत पाणी पडू लागलं.

लहानू वाकून बघत राहिला. पाणी पिवळं होतं. गढूळ, दाट, पिवळं.

"तात्या, हिला कावीळ झालीय."

तात्या रस्त्याकडे बघू लागले.

लहानूनं बोट बुडवलं, वास घेतला. "ही हळद हाय."

"आधीच्या मालकानं टाकली असंल," तात्या म्हणाले.

"वीस वर्षं झाली डॉक्टरानं गाडी देऊन. अन् ही हळद ताजी हाय, वास येतोय. आमच्या घरात एवढी चांगली नसती." त्यानं वर पाहिलं. "किती वेळा हळद लावली हिला? नवरी म्हातारी झाली की वो."

लताबाईनं पदर तोंडाला लावला. तात्यांचे कान लाल झाले. मग ते, खाली पाटीत बघत, हळूहळू सांगत गेले. वणीचा रस्ता, ट्रकवाला, डबी, चमचा. संध्याकाळचा फोन आणि तिसरा प्रश्न. एवढं एका दमात ते आजवर कुणाशी बोलले नव्हते.

लहानू हसला नाही. "ट्रकवाल्यानं खरं सांगितलं होतं," तो म्हणाला. "एकदा, अडचणीला, चालतं. पण रोज? भोक बुजवणारी वस्तू रस्ताबी बुजवते, तात्या. बाकीच्या नळ्या भरल्या."

"म्हणजे हळदीनंच—"

"हळदीनंच."

तात्या बाकावर बसले. घाटात गाडी तापली की फोन करायचा, बाईनं हळद टाका म्हणायचं, आपण टाकायची, आणि त्यानंच गाडी घाट चढायची नाही. वर्षभर. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा घाटातून परत फिरताना त्यांना थोडं हलकंही वाटलं होतं. पुण्याला पोचल्यावर तिला काय म्हणायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. "चल" म्हणायचं, पण कोणत्या तोंडानं? ती नातीचं बघते, आपलं काय एवढं? दोन भाकरी टाकता येतात आपल्याला.

लहानू मात्र अजून टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागं डोकं खुपसून होता. "पण बाटलीतून उतू जातं ते घाटात. बाजारच्या रस्त्याला तांब्याभर पाणी कुठं जातं, ते कोडं सुटलं नाय." बराच वेळ तो दिसेना. मग आतूनच हाक आली, "तात्या, या. वहिनीनं खूण करून ठेवलीय."

तात्या वाकले. मागच्या बाजूला, हातही जेमतेम पोचेल अशा जागी, हीटरकडे जाणारा बोटभर जाड रबरी पाइप होता. त्याच्या जोडापासून खाली धुराच्या नळकांड्यापर्यंत एक बारीक पिवळी रेघ उतरली होती. वाळलेली, सोन्याच्या तारेसारखी.

"इथनं झिरपतं. खाली तापलेलं नळकांडं. थेंब जमिनीवर पडायच्या आत वाळून जातो. म्हणून तुमचा पुठ्ठा कोरडा." लहानूनं रेघेवर नख ओढलं. "नुसतं पाणी असतं तर मला सात जन्म दिसलं नसतं. हळदीचा डाग हो, जात नाय."

काम तीन दिवस चाललं. लहानूनं रेडिएटर उतरवला, वरच्या टाकीच्या सांध्याचा डाग वितळवून ती उघडली आणि एकेका नळीतून पातळ सळई घालून खरवड काढली. ती पिवळी चिकट खरवड कागदावर साठत होती. पाइप बदलला, झाकणाचं रबर गेलं होतं म्हणून झाकणही. नव्यानं पाणी भरलं ते हिरवं, बाजारात मिळतं ते कूलंट घालून. तिसऱ्या दिवशी तात्या माळ्यावरून मागची सीट उतरवून रिक्षातून घेऊन आले. तिच्यावर वीस वर्षांची पोती होती. त्यांनी ती झाडून, ओल्या फडक्यानं पुसून आणली होती.

"हीबी बसव."

"अन् फुलांचे क्रेट?"

"बसव तू."

लहानूनं बोल्ट आवळले. किल्ली हातात देताना म्हणाला, "हळद बंद. चिमूटबी नाय. फोनवर काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

तेच तर तात्यांना सुचत नव्हतं. त्या संध्याकाळी फोन आला. जेवलात का. हो. शेवंतीला पाणी दिलं का. दिलं. गाडीत हळद टाकली का. तिला सांगायचं, तुझ्या हळदीनं गाडी अडली? आणि हा प्रश्न गेला तर फोनला उरणार काय, दोनच प्रश्न. ते "हो" म्हणाले. फोन ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते उठून गाडीकडे गेले नाहीत. रात्री उशिरापर्यंत त्यांना ते खोटं टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी फुलं बाजारात टाकून ते तिथूनच निघाले. कुणाला सांगितलं नाही. अंगावर धुतलेलं नेहरू शर्ट-धोतर, शेजारच्या सीटवर ओल्या फडक्यात बांधलेली थोडी गुलाबाची फुलं. द्वारका, नाशिकरोड, पळसे, शिंदे. काटा मधोमध. घाट लागला. तात्यांनी दुसरा गिअर टाकला आणि रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त बघू लागले. पहिल्या वळणाला काटा तिथंच. जिथं दोन्ही वेळा थांबले होते तो दगडी कठडा आला. काटा केसभर वर गेला, थांबला, आणि परत जागेवर बसला. कठडा मागं पडला.

वर आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली. वाफ नव्हती. बॉनेट उघडायचं काहीच कारण नव्हतं, तरी ते उघडून उभे राहिले. मग फोन लावला. सकाळचा फोन म्हणून नवसाबाई घाबरल्या.

"काय झालं? बरं हाय ना?"

"मोहदरीच्या वर हाय मी."

"वर?" त्या म्हणाल्या. मागं साई काहीतरी आपटत होती. "तापली का?"

"नाय."

"हळद टाकली होती ना?"

"नाय टाकली," तात्या म्हणाले. "काल खोटं बोललो. लहानू म्हणला, आता लागत नाय."

नवसाबाईंनी साईच्या हातातलं काढून घेतलं असावं, आपटणं थांबलं. "म्हणजे माझ्या हळदीनं काय बिघडलं होतं का?"

"पाणी कुठनं जातंय ते कुणाला सापडत नव्हतं. तुझ्या हळदीनं सापडलं." हे खरं होतं. सगळं नव्हतं, पण खरं होतं. बाकीचं गाडीत बसल्यावर सांगता आलं असतं, रस्ता लांबचा होता.

"बरं," नवसाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "अहो, मी पिशवी भरू? का नुसतं जेवून जाणार तुम्ही?"

तात्यांनी घाटाखाली पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी तिला कधी काही मागितलं नव्हतं, पाणीसुद्धा ती न मागताच देई.

"भर," ते म्हणाले.

"साई लय रडंल."

"मागची सीट बसवून घेतलीय मी."

तात्यांना वाटलं, फोन कट झाला. त्यांनी तो कानापासून काढून पाहिला, परत लावला.

"शाळा जूनला उघडती तिची," नवसाबाई म्हणत होत्या. "निकिताला विचारते. नाय म्हणायची नाय ती, परवाच म्हणत होती, आई, तुम्ही दमलात. पण काय वो, सीट बसवली तर क्रेट कुठं ठेवणार? बाजारात फुलं काय डोक्यावर न्यायची? गुलाबाचं ठीक हाय, माझ्या मांडीवर बसंल. झेंडूचं काय? आन शेवंतीला पाणी कोण देतंय आज? कुणाच्या भरवशावर सोडून आलात? आन तुम्ही खाल्लं का काही सकाळपासनं..."

तात्यांनी बॉनेट लावलं, गाडीत येऊन बसले आणि दार ओढून घेतलं. फोन त्यांनी समोर कप्प्यापाशी ठेवला, तिचा आवाज सगळीकडे ऐकू येईल असा.

"हं," ते म्हणाले, आणि पहिला गिअर टाकला.